स्टॉलवर गर्दी नको, गिऱ्हाईक हवं



प्रदर्शनांचा सीझन जवळ आला की मला एक प्रश्न हमखास येतो: "सर, स्टॉलवर गर्दी कशी खेचायची?" माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. मी म्हणतो, खेचूच नका. व्हिडिओत हे मी पटकन सांगून गेलो, इथे जरा आकडे मांडून बघू.

आधी एक फरक स्पष्ट करतो. तुम्ही पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये पापड, मसाले, साड्या घेऊन बसणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे माल हातोहात विकला जातो, समोरचा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक असू शकतो, आणि गर्दी म्हणजे गल्ला. मी बोलतोय ते दुसऱ्या प्रकारच्या प्रदर्शनाबद्दल. तिथे तुम्ही मशीन, सुटे भाग, सेवा असं काहीतरी मांडता, सौदा जागेवर होत नाही, तो नंतर पंधरा दिवसांनी, महिन्याभराने होतो. अशा ठिकाणी गर्दी आणि धंदा यांचा फार संबंध नसतो.

एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच चालवू. समजा तुमचं एमआयडीसीत छोटं युनिट आहे, सहा माणसं कामाला, आणि तुम्ही कडबाकुट्टी मशीन बनवता. ३ एचपी, सिंगल फेज. आणि तुम्ही डिसेंबरमध्ये मोशीला भरणाऱ्या किसान प्रदर्शनात पहिल्यांदा स्टॉल घेताय.

आता वही काढा.

स्टॉलचं भाडं, त्यावरचा जीएसटी, मशीन न्यायला-आणायला टेम्पो, बॅनर, पत्रकं, तिघांचं राहणं-खाणं, आणि वर्कशॉपमध्ये तुम्ही नसल्यामुळे होणारा खोळंबा. सगळं मिळून दोन लाख धरू. (जीएसटी नोंदणी असेल तर भाड्याचं बिल तुमच्या जीएसटी नंबरवरच घ्या, क्रेडिट मिळतं. आणि उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांना स्टॉलच्या भाड्याचा मोठा भाग परत मिळू शकतो, अशी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची प्रोक्योरमेंट अँड मार्केटिंग सपोर्ट योजना आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना जास्त सवलत असते. चौकशी बुकिंगच्या आधी करा, बिल हातात घेऊन नंतर नाही.)

पाच दिवस, रोज आठ तास. त्यातला सकाळचा साफसफाईचा वेळ, जेवण, चहा, संध्याकाळची आवराआवर काढली तर बोलायला रोज सहा तास उरतात. बोलणारी माणसं दोन. म्हणजे पाच दिवसांत साठ तास, छत्तीसशे मिनिटं. नीट ऐकून घेऊन बोलायला एका माणसामागे दहा मिनिटं लागतात. तर तुमच्याकडे विकायला एकूण ३६० बोलणी आहेत. बस्स. दोन लाख भागिले ३६०, म्हणजे प्रत्येक दहा मिनिटांचे साधारण साडेपाचशे रुपये.

जो माणूस नुसताच टाइमपास म्हणून "हे काय बनवता?" विचारतो, त्याला तुम्ही दहा मिनिटं दिलीत, तेव्हा तुमच्या खिशातून पाचशेची नोट आणि वर पन्नास रुपये गेले. माणूस वाईट नसतो हो. फक्त तो तुमचा नसतो.

आणि खरं नुकसान त्याहून मोठं असतं. हे दृश्य कुठल्याही प्रदर्शनात दिसतं: स्टॉलपुढे पंधरा-वीस जण जमलेत, मालक घसा ताणून मशीन समजावतोय, आणि गर्दीच्या मागे हातात डायरी घेतलेला एक माणूस दोन मिनिटं उभा राहतो, टाचा उंचावून आत बघतो, आणि पुढच्या स्टॉलकडे निघून जातो. तो आटपाडीचा किंवा अकलूजचा विक्रेता असतो. पंपाचं, दूध काढायच्या मशीनचं दुकान असलेला. मालकाला तो आलेला कळतसुद्धा नाही. संध्याकाळी मालक खूश असतो, "आज पाय ठेवायला जागा नव्हती."

तुमचा माणूस कोण, हे भाडं भरायच्या आधी ठरवा

"सगळेच शेतकरी आमचे गिऱ्हाईक" हे वाक्य ऐकलं की मी समजतो, या माणसाने हिशोब केलेला नाही.

करून बघू. शेतकऱ्याला थेट विकलं तर मशीनमागे समजा ४,००० सुटतात. दोन लाख वसूल करायला ५० मशीन विकाव्या लागतील, आणि त्या पोहोचवणं, बसवून देणं, बेल्ट तुटला की फोन घेणं, हे सगळं तुमच्याच गळ्यात. डीलरमार्फत विकलं तर त्याचं कमिशन जाऊन समजा २,५०० सुटतात. म्हणजे ८० मशीन लागतील. वाटतं, हे तर वाईट झालं. पण एक बरा डीलर महिन्याला दोन मशीन उचलतो असं धरा. वर्षाला २४. असे चार डीलर म्हणजे ९६ मशीन. दोन लाख वसूल होऊन वर उरतात, आणि पुढच्या वर्षी तेच चार डीलर स्टॉलशिवाय माल उचलतात.

तर हजारोंच्या त्या गर्दीतून तुम्हाला किती माणसं हवी आहेत? चार. एकदा हा चारचा आकडा डोक्यात बसला की बॅनरपासून खुर्चीपर्यंत सगळं बदलतं.

शेतकरी नकोत असं मी म्हणत नाही. पंधरा गाईंचा गोठा असलेला शेतकरी महत्त्वाचाच आहे, आणि त्याचा वापर कसा करायचा ते पुढे येतंच. पण स्टॉल मांडायचा तो डीलरला डोळ्यांपुढे ठेवून.

बॅनर: नाव नको, काम लिहा

आयोजक तुम्हाला तयार स्टॉल देतात तेव्हा वरच्या पट्टीवर कंपनीचं नाव तेच लिहून देतात. म्हणजे नावाची सोय झालेली असते. तरी आपण मागच्या भिंतीवर परत तेच नाव मोठ्ठं छापतो, खाली "गुणवत्ता हाच आमचा ध्यास", आणि बाजूला स्थापनेचं वर्ष. चालत्या माणसाला यातून काय कळलं? काहीच नाही. मग तो थांबून विचारतो, आणि तुमची साडेपाचशेवाली दहा मिनिटं सुरू होतात.

त्याऐवजी असं लिहा:

१० ते ३० जनावरांच्या गोठ्यासाठी कडबाकुट्टी
सिंगल फेजवर चालते
फलटण, माण, आटपाडी, सांगोला येथे डीलर नेमणे आहे

या तीन ओळी माणसं गाळतात. दोन शेळ्या असलेला वाचतो आणि पुढे जातो. शंभर गाईंची डेअरी असलेला समजतो की हे आपल्याला लहान पडेल. सिंगल फेजवाली ओळ तर सोन्याची आहे, कारण शेतीच्या थ्री फेज लाइनला ठरावीक तासच वीज असते, कधी दिवसा, कधी रात्री. ज्याची गाय सकाळी सहाला हंबरते त्याला त्या ओळीचा अर्थ तुम्ही समजावून सांगावा लागत नाही. तो आपोआप थांबतो.

आणि तिसरी ओळ. "डीलर नेमणे आहे" एवढंच लिहिलं तर ती जाहिरात झाली. तालुक्याचं नाव घातलं की ते आमंत्रण होतं. सांगोल्याचा दुकानदार स्वतःच्या गावाचं नाव वाचून थबकतो. मनात विचार येतो, मी नाही घेतली तर समोरचा घेईल.

अक्षरं खांद्याच्या वर ठेवा. भिंतीचा खालचा चार फुटांचा भाग टेबल, मशीन आणि माणसं झाकतात, तिथे छापलेला मोबाइल नंबर पाच दिवस कुणालाही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र बॅनरवर चुकूनही नको: "प्रदर्शन ऑफर! ३,००० रुपये सूट!" यावर माझं नेहमी भांडण होतं. शेतकरी खूश होईल, कबूल. पण डीलर ते वाचून काय म्हणेल? "हा मालक माझ्या गिऱ्हाइकाला थेट स्वस्तात विकतोय, मी याचा माल दुकानात कशाला ठेवू?" आणि तो आत न येताच जाईल. चार डीलर हवे असतील तर स्टॉलवरचा भाव आणि दुकानातला भाव एकच पाहिजे. तोंडी विचारलं तरी तोच.

मांडणी

टेबल समोर आडवं लावू नका. एसटीच्या तिकीट खिडकीसारखं दिसतं, आणि माणूस खिडकीशी थांबतो तसा बाहेरच थांबतो. टेबल बाजूच्या भिंतीला, दोन खुर्च्या आतल्या कोपऱ्यात. त्या खुर्च्या डीलरसाठी. तिथे बसून तुमचा मुलगा मोबाइल बघत असेल तर त्याला चहा आणायला पाठवा.

मशीन रस्त्याच्या कडेला, अशा कोनात की गिअरबॉक्स आणि पात्याची बाजू दिसेल. पाती चालू ठेवून प्रात्यक्षिक करायचं असेल तर आयोजकांची परवानगी आणि सुरक्षेची सोय आधी बघा. माझं मत विचाराल तर दिवसभर चालू ठेवूच नका. फिरणारी गोष्ट दिसली की सगळं जग थांबतं, आणि नेमकं तेच आपल्याला नकोय. ठरलेल्या वेळी दोनदा चालवा.

त्यापेक्षा मशीनशेजारी तीन घमेली ठेवा. एकात ज्वारीचा वाळलेला कडबा कापलेला, दुसऱ्यात हिरवा मका, तिसऱ्यात उसाचं वाढं. आणि बघत राहा. ज्याच्या घरी जनावरं आहेत त्याचा हात घमेल्यात जातोच. तो मुठीत घेतो, तुकड्याची लांबी बघतो, वाढ्याचा तुकडा बोटांनी चुरून बघतो. ज्याच्याकडे जनावर नाही तो घमेल्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आणि एक तिसरा माणूस असतो. तो चारा सोडून वाकतो, बेअरिंग बघतो, विचारतो, "पात्याचा जोड केवढ्याला? मोटर जळली तर कोण बघतं?" तो एकतर डीलर, नाहीतर मेकॅनिक, नाहीतर तुमचा स्पर्धक. तिघांपैकी कुणीही असला तरी स्टॉलवरच्या सगळ्यात जाणत्या माणसाने त्याच्याशी बोलायचं.

फुकट वाटायच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. टोपी, पिशवी, लकी ड्रॉ यांनी नावं शेकड्याने गोळा होतात, आणि प्रदर्शनानंतर फोन केला की "कोण बोलतंय?" असं उत्तर येतं. वाटायचंच असेल तर असं वाटा की ज्याचा उपयोग फक्त तुमच्या माणसाला होईल. उदाहरणार्थ, गोठ्यात लावता येईल असा लॅमिनेट केलेला तक्ता: गाय, म्हैस, कालवड, कुणाला रोज किती हिरवा, किती वाळला चारा. आकडे पशुवैद्यकाकडून तपासून घ्या, खाली तुमचा नंबर. ज्याला गोठा नाही तो हा तक्ता मागणारच नाही.

पहिलं वाक्य

"या साहेब, काय माहिती देऊ?" याचं उत्तर ठरलेलं आहे: "काही नाही, बघतोय." संपलं.

त्याऐवजी विचारा, "दादा, जनावरं किती आहेत?"

या प्रश्नाला "बघतोय" असं उत्तर देताच येत नाही. आकडा येतो. "दोन म्हशी" आला तर तक्ता द्या, गोड बोला, मोकळे करा. "बारा गाई" आला तर दुसरा प्रश्न: "सध्या कुट्टी कशी करता?" इथे गप्प बसून ऐका. "जुनी मशीन आहे, थ्री फेजची, लाइटच नसते," असं तो म्हणाला की तुमची निम्मी विक्री त्यानेच केली. "माझं दुकान आहे" असं उत्तर आलं, तर खुर्ची पुढे करा.

घरात जनावरांचं बघणारी बऱ्याचदा बाई असते, आणि स्टॉलवर मात्र सगळे तिच्या नवऱ्याशी बोलतात. ताईंना विचारा: "मशीन तुम्ही चालवणार की दादा?" उत्तर ऐकून त्यांना रिव्हर्सचा दांडा स्वतःच्या हाताने ओढून बघू द्या. चारा ओढणाऱ्या रोलरात हात जायची भीती घरोघरी आहे, आणि ती भीती घेऊन मशीनसमोर रोज उभं राहणाऱ्या माणसाचं मत घरात चालतं.

आता तो प्रश्न, जो तुम्हाला दिवसातून पन्नास वेळा ऐकायला मिळेल: "अनुदानात बसतं का?" बरेच जण "हो हो, बसतं" म्हणून वेळ मारून नेतात. असं करू नका. अनुदानासाठी मशीनचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल लागतो. तो तुमच्याकडे असेल तर त्याची प्रत टेबलावर ठेवा. नसेल तर "नाही, अजून नाही" असं स्वच्छ सांगा, नाहीतर त्या शेतकऱ्याचे पैसे अडकतील आणि तुमचं नाव गावभर होईल.

अहवाल असेल तर मात्र हाच प्रश्न तुमची सगळ्यात चांगली चाळणी आहे. उलट विचारा: "महाडीबीटीवर अर्ज केलाय का? पूर्वसंमती आलीय?" नुसतीच चौकशी करणारा "अर्ज करायचाय अजून" म्हणतो. ज्याच्या हातात पूर्वसंमती आहे त्याला ठरलेल्या मुदतीत मशीन घेऊन बिल अपलोड करायचंय. तो आज-उद्या कुठेतरी घेणारच आहे. त्याचं पत्र बघा, मुदतीची तारीख वहीत लिहा.

निरोप देणं हीसुद्धा कला आहे. कृषी महाविद्यालयाची पन्नास मुलं सहलीला आली की एकाने पाच मिनिटं उभं राहून एकदाच सगळ्यांना सांगावं, आणि नमस्कार करावा. जाहिरातीची जागा, एसएमएसचे पॅक विकायला येणाऱ्यांना, "प्रदर्शन झाल्यावर सोमवारी फोन करा." कुणाचाही अपमान न करता हे जमतं. आधी घरी आरशासमोर बोलून बघा, हसू नका, खरंच बोलून बघा.

निम्मं काम मोशीला जायच्या आधीच होतं

चार डीलर पाहिजेत, तर ते फिरत फिरत येतील म्हणून वाट कशाला बघायची? प्रदर्शनाच्या महिनाभर आधी त्या चार तालुक्यांतली दुकानं शोधा. पंप, दूध काढायची मशीन, पशुखाद्य, ठिबक विकणारी. तालुक्याला आठ-दहा सापडतील. एक दिवस काढून फोन करा: "तुम्ही किसानला येताय ना? गुरुवारी सकाळी अकराला आमच्या स्टॉलवर चहाला या, मशीन उघडून दाखवतो." व्हॉट्सॲपवर हॉल नंबर, स्टॉल नंबर आणि पात्याच्या बाजूचा एक फोटो पाठवा. दिवस आणि वेळ सांगितली नाही तर तो रविवारी येतो, आणि रविवारी तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो.

चाळीसांना फोन केले आणि दहा आले, तरी तुमचे चार डीलर त्या दहांतून निघू शकतात. बाकीची गर्दी ही वरकड.

वही

व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा म्हणजे नोंद नव्हे. तिसऱ्या दिवशी कुठलं कार्ड कुणाचं ते आठवत नाही. एक साधी लांब वही घ्या. नाव, गाव, तालुका, जनावरं किती, सध्या काय वापरतो, पूर्वसंमतीची मुदत, आणि शेवटी एक ओळ त्याच्याच शब्दांत. "लाइटचा वैताग." "बायको म्हणते रिव्हर्स पाहिजे." फोन करताना हीच ओळ कामाला येते, कारण तिने सुरुवात केली की त्याला तुम्ही आठवता.

तालुक्याचा रकाना विसरू नका. सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

कारण प्रदर्शन संपल्यावर सोमवारी वर्कशॉपमध्ये शंभर कामं वाट बघत असतात, आणि वही ड्रॉवरमध्ये जाते. म्हणून निघायच्या आधीच ठरवा, सोमवारी आणि मंगळवारी सकाळी दहा ते एक फोनशिवाय दुसरं काम नाही. आधी पूर्वसंमतीवाले, कारण त्यांची मुदत चालू आहे. बाकीच्या शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर माहिती. आणि डीलरला फोन करायच्या आधी वहीतून त्याच्या तालुक्याची पानं काढून ठेवा.

मग त्याला "माल घ्या ना" असं म्हणायची गरज उरत नाही. म्हणायचं, "अण्णा, तुमच्या तालुक्यातले अकरा जण स्टॉलवर मशीन बघून गेलेत. तिघांची पूर्वसंमती आलेली आहे. नावं-नंबर माझ्याकडे आहेत, आणि मी त्यांना थेट विकणार नाही. तुम्ही दोन मशीन दुकानात ठेवणार असाल तर आत्ता व्हॉट्सॲप करतो."